सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणे!

८ मे २०२५ च्या रात्री आपल्या काही वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर जाळून टाकलं. नौदलाने नव्हे, वाहिन्यांनी. पडद्यावर ज्वाळा, खाली लाल पट्टी आणि घसा बसेपर्यंत ओरडणारे निवेदक. लवकरच कळलं की बंदर जिथल्या तिथे आहे. बातमी खोटी होती. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर त्या रात्री उसळलेला आनंद मात्र अस्सल होता. ‘एकदाचं बेचिराख करा’, ‘एकही शिल्लक ठेवू नका’, आणि खाली तिरंगे, फटाके, जोडलेले हात. लिहिणारे कोण? बँकेतून निवृत्त झालेले, दर गुरुवारी दत्ताला जाणारे, गाडीखाली मांजर आलं तर दोन दिवस जेवण न जाणारे लोक. आणि बेचिराख काय व्हायचं होतं? दोन कोटी वस्तीचं शहर. १९३६ पर्यंत ते मुंबई इलाख्यात होतं, आणि त्या इलाख्यातले शिक्षणाधिकारी नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा तिथे आजही भरते.

मी गटावर एवढंच विचारलं, की बंदरात हमाल असतात, क्रेनवाले असतात, चहाच्या टपऱ्या असतात, त्यांचं काय? एका सज्जन शेजाऱ्यांचं उत्तर मिनिटाच्या आत आलं: ‘अहो साहेब, सुक्याबरोबर ओलंही जळतंच.’

त्याच आठवड्यात पूंछमध्ये पाकिस्तानी तोफगोळे घरांवर पडले आणि लहान मुलं गेली. त्या बातमीखाली ही म्हण कोणी टाकली नाही. टाकली असती तर मी त्याला जोड्याने मारायला धावलो असतो आणि अख्खा गट माझ्या मागे उभा राहिला असता. म्हणजे म्हण शहाणपणाची की निर्लज्जपणाची, हे ओलं कोणाच्या अंगणातलं त्यावर ठरतं!

या म्हणीतली लबाडी अशी, की तिच्यातली आग आपोआप लागते. हवाई युद्धाचा इतिहास चाळला तर दिसतं, की ओलं किती मिनिटांत पेट घेतं याचे प्रयोग करून मगच काडी ओढली गेली आहे. मी अलंकारिक बोलत नाही. १९४३ साली अमेरिकेने युटाच्या वाळवंटात, डगवे इथल्या लष्करी चाचणीक्षेत्रात, घरं बांधली. काही जर्मन कामगारांच्या चाळींसारखी, काही जपानी कामगारांच्या लाकडी घरांसारखी. जर्मन घरांसाठी सल्लागार एरिक मेंडेलसोन, हिटलरमुळे देश सोडावा लागलेला नामवंत वास्तुविशारद. जपानी घरांसाठी अँटोनिन रेमंड, ज्याने टोकियोत वर्षानुवर्षं राहून इमारती उभारल्या होत्या. घरांत खरं वाटेल असं सामान, जपानी खोल्यांत जमिनीवर चटया. मग वरून बॉम्ब टाकायचे, आग कशी पसरते आणि ती विझवता येते का हे पाहायचं, जळलेलं पुन्हा बांधायचं आणि पुन्हा जाळायचं. लोक कुठे झोपतात, चटईला ठिणगी लागली तर काय होतं, हे सगळं माहीत करून घेतलं गेलं. तिथे कारखान्याची प्रतिकृती उभारून जाळली असती तर मी गप्प बसलो असतो. जाळली ती बिछान्याची खोली.

हा रेमंड आपल्यालाही परका नाही. पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमातली ‘गोलकोंडा’ ही इमारत त्याची. वारा आत यावा, ऊन बाहेर राहावं, आत राहणाऱ्या साधकाला शांतता मिळावी म्हणून तिची प्रत्येक झडप विचार करून बसवलेली आहे. वास्तुकलेचे विद्यार्थी ती पाहायला जातात आणि भारावून परततात. माणसाला सुखाने श्वास कसा घेता येईल याचा अभ्यास आणि त्याला गुदमरवण्याचा अभ्यास एकाच टेबलावर होऊ शकतो, तोही दहा वर्षांच्या आत. युद्धानंतर रेमंडसाहेब टोकियोला परतले आणि त्यांनी तिथे पुन्हा इमारती बांधल्या. गिऱ्हाईक मिळालं की संपलं.

प्रयोगाचा निकाल लागला तो ९ आणि १० मार्च १९४५ च्या रात्री. सुमारे ३०० बी-२९ विमानं टोकियोवर नेहमीपेक्षा खूप खालून आली. कर्टिस लेमे या सेनापतीने उंचावरून कारखाने टिपण्याचा नाद सोडून दिला होता. लक्ष्य होतं सुमिदा नदीकाठचा दाट वस्तीचा, मजुरांचा, लाकडी घरांचा भाग. वारा सोसाट्याचा होता. सुमारे एक लाख माणसं त्या एका रात्रीत मेली, ४१ चौरस किलोमीटर शहर राख झालं, दहा लाखांवर लोक उघड्यावर आले. समर्थन काय दिलं? तर घराघरांत छोटी यंत्रं होती, सुटे भाग बनत होते. असतील. हा निकष लावला तर इचलकरंजीतलं माग असलेलं प्रत्येक घर, पिंपरी-चिंचवडमधल्या प्रत्येक लघुउद्योजकाचा पत्र्याचा गाळा आणि त्यावरची त्याची राहती खोली लष्करी लक्ष्य ठरते. चालेल का?

लेमेच्या हाताखाली आकडेमोड करणारा एक तरुण अधिकारी होता, रॉबर्ट मॅकनमारा. पुढे व्हिएतनाम युद्धात तोच अमेरिकेचा संरक्षणमंत्री. म्हातारपणी एका माहितीपटात त्याने सांगितलं, की आपण हरलो असतो तर युद्धगुन्हेगार म्हणून आपल्यावर खटले चालले असते, असं खुद्द लेमेच म्हणाला होता. हरले नाहीत, म्हणून चालले नाहीत. न्यूरेंबर्गला बरेच आरोप झाले, पण शहरं जाळल्याबद्दल कोणा जर्मन हवाई सेनापतीला फासावर चढवलं गेलं नाही. कारण उघड आहे. तो खटला चालला असता तर न्यायाधीशांच्या देशांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागलं असतं.

आणि जपान? १९६४ साली जपान सरकारने याच लेमेला आपला एक सर्वोच्च किताब दिला. हवाई दल उभारायला मदत केली म्हणून! टोकियोच्या आगीतून वाचलेल्यांनी पुढे नुकसानभरपाईसाठी आपल्याच सरकारवर दावा लावला, तो न्यायालयांनी फेटाळला. सैनिकांच्या कुटुंबांना निवृत्तिवेतन, जळालेल्या नागरिकांना धीराचे चार शब्द. मेलेल्या सामान्य माणसाला शत्रूचं सरकार विचारत नाही हे समजण्यासारखं आहे. त्याचं स्वतःचंही विचारत नाही.

आता आमच्या गटावरचे विचारवंत म्हणतील, हेतू बघा हो, हेतू! लढायचं होतं सैन्याशी. लोक मेले ते ओघाने. ठीक. हेतू बघू. १९४१ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिशांनी आपल्याच वैमानिकांनी काढलेले फोटो तपासले. लक्ष्यावर हल्ला केला असं सांगणाऱ्या दर तीन विमानांपैकी जेमतेम एक लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचलं होतं. पाच मैल! म्हणजे मारायचा दादर स्टेशनवर आणि पडायचा वांद्र्यात किंवा भायखळ्यात. यावर प्रामाणिक माणूस म्हणाला असता, की आपल्याला हे जमत नाही. त्याऐवजी लक्ष्यच बदललं गेलं. १९४२ च्या फेब्रुवारीत नवा हुकूम निघाला आणि हवाई दलप्रमुख पोर्टल यांनी खुलासा केला, की नेम धरायचा तो वस्तीवर. गोदी किंवा विमानांचे कारखाने यांवर नव्हे. मार्चमध्ये चर्चिलचे वैज्ञानिक सल्लागार लिंडेमन यांनी हिशेब मांडला: एक टन बॉम्बमागे किती माणसं बेघर होतात, जर्मनीच्या ५८ मोठ्या शहरांत किती रहिवासी आहेत, भागिले, गुणिले. घर गेल्याचं दुःख माणसाला नातलग गेल्याच्या दुःखाहूनही जास्त होतं असं दिसतं, असं निरीक्षणही त्या टिपणात आहे. बेघर होणाऱ्यांपैकी कितीजण घराबरोबरच जातील हा रकाना टिपणात नाही. सभ्य माणसाचं टिपण होतं ते.

१९४३ च्या जुलैत हँबर्गवर हे गणित सोडवलं गेलं, ३५ हजारांवर माणसं मेली. या मोहिमेला बायबलमधल्या देवाने जाळलेल्या शहराचं नाव दिलं होतं, गोमोरा. देवाची भूमिका कोणी घ्यायची हे आधीच ठरलेलं होतं.

एलिझाबेथ अँस्कम नावाच्या बाईंनी १९५६ साली ऑक्सफर्डमध्ये एक गैरसोयीचा मुद्दा काढला. अणुबॉम्ब टाकण्याचा हुकूम देणारे अमेरिकेचे माजी अध्यक्ष ट्रूमन यांना विद्यापीठ मानद पदवी देणार होतं. या बाई तत्त्वज्ञानाच्या अध्यापक, त्या उभ्या राहून म्हणाल्या की निरपराधांना मारण्याचा हुकूम देणाऱ्याला पदवी देऊ नका. बोटांवर मोजण्याइतकी माणसं त्यांच्या बाजूने उभी राहिली; पदवी दिली गेलीच. त्यांचा मुद्दा सोपा होता. आपलं उद्दिष्ट गाठायला तुम्ही जो मार्ग जाणूनबुजून निवडता, तो तुमचा हेतूच असतो. मनातल्या मनात ‘माझा तसा विचार नाही हं’ असं पुटपुटून हेतू बदलत नाही. सत्यनारायणाच्या संकल्पासारखं ओंजळीतून पाणी सोडलं की हेतू शुद्ध झाला, असं युद्धात होत नसतं.

यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो टाळणं भ्याडपणाचं होईल. १९४२ साली ब्रिटनकडे हिटलरवर मारा करायला दुसरं साधन फारसं नव्हतं. रॉटरडॅम, कॉव्हेंट्री, लंडन जर्मनांनी आधी जाळलं होतं. चिनी शहरं जपानने भाजून काढली होती. ऑशविट्झ चालू होतं. जे हरायला हवे होते ते हरले, आणि मला त्याचं दुःख नाही. बॉम्बफेकी विमानांतली ५५ हजारांवर पोरंही मेली; विशी-बाविशीतल्या त्या वैमानिकांना मी शिव्या घालणार नाही. पण शहरं जाळल्याने युद्ध लवकर संपलं, हा जो दाखला आपल्याकडे चहाच्या कपाबरोबर दिला जातो तो तपासा. लंडनवरच्या हल्ल्यांनी ब्रिटिश मोडले नाहीत, उलट चिवट झाले. तर मग जर्मन मोडतील हे कोणत्या आधारावर? जर्मनीचं शस्त्रोत्पादन १९४४ च्या मध्यापर्यंत वाढतच गेलं. टोकियो मार्चमध्ये जळालं, जपान ऑगस्टमध्ये शरण आलं. मधल्या काळात साठाहून अधिक शहरं भाजून काढावी लागली. हिरोशिमाचं नाव घ्याल, तर त्याच आठवड्यात रशिया युद्धात उतरला होता, आणि कशाने किती काम केलं यावर इतिहासकार अजून भांडत आहेत. आणि समजा, उपयोग झाला. ‘सामान्य माणसं मारली की सरकार नमतं’ हेच तर तत्त्व घेऊन १० जण २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत उतरले होते. त्यांच्याकडे विमानं नव्हती.

चर्चिलला हे कळत होतं. ड्रेस्डेन जळाल्यावर, २८ मार्च १९४५ ला, त्याने आपल्या सेनापतींना लिहिलं, की जर्मन शहरांवर निव्वळ दहशत वाढवण्यासाठी, सबब मात्र दुसरी सांगून, होणारे हल्ले आता तपासायला हवेत. हवाई दल भडकलं. चार दिवसांत चर्चिलने पत्र मागे घेऊन गुळमुळीत भाषेत दुसरं लिहिलं. तीन वर्षं जे बोलायला संसदेत एखाद्या बिशप बेलशिवाय कोणी धजत नव्हतं, ते पंतप्रधानाच्या लेखणीतून चार दिवसांपुरतं बाहेर पडलं. ड्रेस्डेनचे मृत २५ हजारांपर्यंत, असं त्या शहराने नेमलेल्या इतिहासकारांनी २०१० मध्ये सांगितलं. गोबेल्सच्या माणसांनी आकडा दोन लाखांवर नेला होता. प्रेतांचा उपयोग दोन्ही बाजूंना असतो. एकाला कमी हवी असतात, दुसऱ्याला जास्त.

‘ते जुनं झालं, आता नेम अचूक असतो.’ अचूक असतोच. म्हणूनच सबब उरत नाही. २००३ च्या इराक युद्धात अमेरिकेचा नियम होता, की ज्या हल्ल्यात ३० किंवा त्याहून अधिक नागरिक मरतील असा अंदाज असेल, त्याला संरक्षणमंत्र्यांची मंजुरी हवी. असे पन्नासाहून अधिक प्रस्ताव रम्सफेल्डसाहेबांकडे गेले, आणि सगळे मंजूर झाले. एकही नाकारावासा वाटला नाही. २९ अंदाज असेल तर वरिष्ठांना त्रासही द्यायचा नाही. गाझात ७ ऑक्टोबरच्या हत्याकांडानंतर इस्रायली सैन्याने एका हल्ल्यामागे २० नागरिकांपर्यंतची मुभा अधिकाऱ्यांना दिली, असं न्यूयॉर्क टाइम्सने छापलं. ‘हमास लोकांच्या आड लपतं’, हे खरंच आहे, आणि तो गुन्हाच आहे. पण समोरच्याने नियम मोडला म्हणून तुमचा सुटत नाही, हे १९७७ च्या जिनिव्हा पुरवणी करारात स्पष्ट लिहिलं आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूलमध्ये एका मोटारीवर ड्रोनने मारा झाला. अमेरिकेच्या सेनाप्रमुखांनी आधी तो धर्म्य म्हटला, मग कळलं की मेलेले दहाही जण सामान्य माणसं, त्यात सात मुलं. शिक्षा कोणालाही झाली नाही. नियमाप्रमाणे झालं होतं ना सगळं!

इथपर्यंत वाचून आपले राष्ट्रभक्त खूश होतील. अमेरिका, ब्रिटन, इस्रायल, सगळ्यांचं काढलं, भारत स्वच्छ. थांबा.

५ मार्च १९६६ ला भारतीय हवाई दलाच्या विमानांनी आयझॉलवर मारा केला. आयझॉल, आज मिझोरमची राजधानी, तेव्हा आसामातल्या मिझो टेकड्यांमधलं मुख्य गाव. आपलं गाव, आपली विमानं. बांबू फुलला, उंदीर माजले, १९५९ पासून दुष्काळ पडला आणि सरकारने तो नीट हाताळला नाही, यातून मिझो नेते लालडेंगा यांची संघटना उभी राहिली. १९६६ च्या फेब्रुवारी अखेरीस तिने सशस्त्र उठाव केला, ठाणी घेतली, आयझॉलमधल्या आसाम रायफल्सच्या तळाला वेढा घातला. हेलिकॉप्टरने कुमक उतरवता येईना. जवान अडकले होते, त्यांना सोडवायला हवंच होतं, यात मला शंका नाही. पण तूफानी आणि हंटर विमानांनी पहिल्या दिवशी गोळ्या झाडल्या आणि दुसऱ्या दिवशी आग लावणारे बॉम्ब टाकले, असं तिथली माणसं सांगतात. आणि जळाल्या त्या दावरपुई वेंग, रिपब्लिक वेंग, छिंगा वेंग अशा राहत्या वस्त्या. लाकडाची, बांबूची घरं. डगवेच्या वाळवंटातला धडा इथे कोणी गिरवला असं मी म्हणत नाही. बांबू जळतो हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. लोक रानात आणि आसपासच्या खेड्यांत पळाले होते म्हणून मृत थोडे. यात पुण्य पळणाऱ्यांचं, टाकणाऱ्यांचं नव्हे.

दिल्लीने काय सांगितलं? विमानं माणसं आणि रसद टाकायला गेली होती. हे पंतप्रधान इंदिरा गांधींचं उत्तर कलकत्त्याच्या वर्तमानपत्रात छापून आलं. रसद! आसामच्या दोन आमदारांनी तिकडे जाऊन पाहिलं आणि विधानसभेत सांगितलं, तरी देशाने कान झाकून घेतले. मग खेडीच्या खेडी उठवून रस्त्याकडेच्या छावण्यांत हलवली गेली. करार व्हायला १९८६ साल उजाडलं.

आता मराठी वाचकाने जरा सावरून बसावं. मार्च १९६६ मध्ये देशाचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते. १९६२ ला हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपल्या पोराबाळांनाही पाठ आहे. १९६५ च्या विजयातला त्यांचा वाटा आपण हक्काने सांगतो, आणि तो आहेच. पण मी त्यांच्यावर ऐकलेल्या कोणत्याही व्याख्यानात, गौरवग्रंथ चाळताना कुठेही, आयझॉल हा शब्द मला भेटलेला नाही. हुकूम नेमका कोणत्या टेबलावरून निघाला याचा निवाडा मी इथे करत नाही. खात्याचं श्रेय मंत्र्याला द्यायचं असेल, तर खात्याची राखही त्याच ताटात वाढावी लागेल, एवढंच म्हणतो. यशवंतराव वाचणारे, लिहिणारे, विचार करणारे राजकारणी होते. त्यांच्याबद्दल हा प्रश्न विचारणं हा त्यांचा अपमान नाही. न विचारणं हा आहे.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये मणिपूरवरून अविश्वास ठराव आला, तेव्हा पंतप्रधान मोदींनी लोकसभेत आयझॉलची आठवण काढली. मला क्षणभर बरं वाटलं. पण प्रश्न मणिपूरचा होता, आणि आयझॉल हे विरोधकांच्या डोक्यात मारायला सापडलेलं लाकूड. पुढचे आठ दिवस देशात चर्चा कशावर? त्या विमानांत बसलेला वैमानिक पुढे काँग्रेसचा नेता झाला की नाही यावर. एका दिवंगत नेत्याच्या मुलाने वडिलांची नियुक्ती ऑक्टोबर १९६६ ची असल्याचा कागद दाखवला, विषय मिटला. घरं कोणाची जळाली हे विचारायला एकही वाहिनी दावरपुई वेंगला गेल्याचं मी पाहिलं नाही.

नागरिकांचं रक्षण करणारा १९७७ चा तो जिनिव्हा पुरवणी करार भारताने स्वीकारलेला नाही. अमेरिका आणि पाकिस्तान सही करून थांबले आहेत, इस्रायलने सहीही केलेली नाही. एकमेकांचं तोंड न बघणारे देश या एका बाबतीत मांडीला मांडी लावून बसलेत.

मी अहिंसाव्रती नाही. काही युद्धं लढावी लागतात, काही बॉम्ब टाकावे लागतात, आणि त्यात कधी अशी माणसं मरतात ज्यांनी कोणाचं काही बिघडवलेलं नसतं. पण ती मरणार हे आधी माहीत असतं. फाइलीत आकडा असतो. तो आकडा आणि मागाहून मोजलेला आकडा, दोन्ही संसदेच्या पटलावर ठेवा. गुपितं फुटतील म्हणाल, तर युद्ध संपल्यावर ठेवा. आयझॉलपासून सुरुवात करता येईल. तूफानी आणि हंटर भंगारात गेल्याला जमाना झाला, त्यांचं कोणतं गुपित आता पाकिस्तानच्या उपयोगी पडणार आहे? आणि दर १२ मार्चला यशवंतरावांच्या जयंतीची व्याख्यानं भरवणाऱ्या मंडळांनी एखाद्या वर्षी नेहमीच्या माजी कुलगुरूंऐवजी छिंगा वेंगमधल्या एखाद्या म्हाताऱ्या मिझो माणसाला व्यासपीठावर बोलवावं. मराठी येत नसेल, दुभाषा शोधू. विमानाचं तिकीट माझ्याकडून.